लागलेला कूलर

पंचफुलाच्या घराची खिडकी पश्चिमेला होती. नागपूरच्या सक्करदऱ्यात प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा ती तिनं मिस्त्रीकडून हट्टानं मागून घेतली होती, कारण त्या बाजूनं तलावाचा एक तुकडा दिसे. हातभर रुंद, पण दिसे. ते एकोणीसशे एकाहत्तर साल होतं. तिचा नवरा देवराव तेव्हा शहरातच एका छापखान्यात कामाला होता. आजूबाजूची घरं कवेलूची, नाहीतर टिनाची. गल्लीतला पहिला स्लॅब यांचाच. स्लॅब पडला त्या दिवशी शेजारणी वर चढून अनवाणी चालून पाहून गेल्या होत्या.

चार वर्षांनी समोर तीन मजली इमारत उभी राहिली आणि तलावाचा तुकडा तिच्यामागे गेला. ऊन मात्र इमारतीच्या डोक्यावरून बरोबर खिडकीत येत राहिलं. एप्रिल लागला की स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेई आणि संध्याकाळपासून ते हळूहळू खाली सोडत राही. भिंतीला पाठ टेकवता येत नसे. पितळी तांब्यातलं पाणी चहाला ठेवल्यासारखं लागे. ज्या शेजारणी स्लॅबवर चालून गेल्या होत्या, त्या आता आपल्या कवेलूखाली बसून पंचफुलाला हाक मारत, "ये वं बाई, इकडं बस जराशी. तुह्या घरात तर भाकर तव्याबिगर भाजन."

ती हसत असे. जातही असे. पण घरात सासू होती, आणि वयानं थकलेल्या सासूला रोज शेजारी नेता येत नव्हतं.

पंचफुला सातवी पास होती. अक्षर असं की गल्लीतले अर्ज, पत्रं, दुकानांच्या पाट्यांचा मजकूरसुद्धा लोक तिच्याकडून लिहून नेत. छप्पन साली वडिलांच्या खांद्याला धरून ती दीक्षेच्या गर्दीत उभी होती तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि त्या दिवसानंतर वडिलांनी तिला एकच गोष्ट परत परत सांगितली होती : जे लिहिशील ते नीट वाचून लिही. ब्लाउज शिवताना, स्वयंपाक करताना ती कमी बोलत असे. कागद समोर आला की तिची पाठ सरळ होई.

घर विकायचं ठरलं त्याचं कारण देवरावचा दमा. पंचाहत्तर साली त्याला कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. पगार चांगला, पण सक्करदऱ्याहून कोराडी म्हणजे शहराची दोन टोकं. पहिल्या पाळीला जायचं तर पहाटे निघावं लागे, दोन बसा बदलाव्या लागत, आणि परत येताना तो दारातल्या दगडावर दहा मिनिटं बसल्याशिवाय आत येऊ शकत नसे. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "नोकरी ठेवायची असेल तर नोकरीजवळ राहा. नाहीतर नोकरी आणि तब्येत, दोन्ही जाईल." कोराडीच्या अलीकडच्या खेड्यात धोंडबा म्हणून एका माणसाचं दोन खोल्यांचं घर विकाऊ होतं. समोर चिंच, बाजूला विहीर. पंचफुला एकदाच पाहून आली. तिथं ओसरीवर बसून देवराव अर्धा तास खोकला नाही, एवढंच तिनं लक्षात ठेवलं.

पण हे घर विकल्याशिवाय ते घर घेता येणार नव्हतं, आणि हे घर कुणी घेईना. दोन उन्हाळे दलाल माणसं आणत राहिला. माणसं आत येत, कपाळ पुसत, वर स्लॅबकडे बघत, मग भिंतीवर लावलेल्या दीक्षेच्या तसबिरीकडे बघत, आणि म्हणत, "कळवतो." उन्हामुळे जात की तसबिरीमुळे, हे तिला कधी नक्की कळलं नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कुणी आलं तर ते आधी विचारत, "उन्हाळ्यात तापते का?" आणि देवरावला खोटं बोलता येत नसे.

ब्याऐंशी सालच्या मार्चमध्ये सासूला, भीमाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मान वळत राहिली, जीभ बोबडी झाली. पहिल्या कडक दुपारी त्या डोळे फिरवू लागल्या तेव्हा देवराव तसाच उठून चौकातल्या रुपरावच्या दुकानात गेला आणि हंगामाचा कूलर ठरवून आला.

रुपराव कूलर भाड्यानं देत असे. होळी झाली की त्याचे ठेले गल्लोगल्ली फिरत. पंधरा जूनला, पाऊस येवो न येवो, तेच ठेले कूलर गोळा करायला निघत. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, समोर पंखा, आणि मागच्या पत्र्यावर लाल रंगात आकडा. यांच्या कूलरवर एकेचाळीस होता. रुपरावच्या माणसांनी खिडकीची कवाडं बिजागरीतून काढून माळ्यावर टाकली, खाली लोखंडी घोडा रोवला, डबा खिडकीत सरकवला आणि फटींत चिंध्या कोंबल्या.

"लागला का कूलर?" शेजारणीनं विचारलं.

"लागला," पंचफुला म्हणाली.

नागपुरात तसंच म्हणतात. विकतचा असो, भाड्याचा असो, मामाच्या घरून चार दिवसांसाठी आणलेला असो, कूलर लागतो.

वाळ्याचा ओला वास खोलीत पसरला. भीमाबाईंनी तोंड खिडकीकडे केलं आणि तशाच राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा पंचफुलाला दुपारी त्याच खोलीत शिवणाची मशीन चालवता आली.

मेच्या पहिल्या आठवड्यात दलाल भैय्याजी एक जोडपं घेऊन आला. काटोलकडचे वामनराव आणि त्यांची बायको जिजाबाई. संत्र्याची बाग, शेती, सगळं पुतण्यांच्या हवाली करून ते शहरात राहायला येणार होते, कारण वामनरावांचं हृदय दुखावलं होतं आणि डॉक्टर नागपुरात होते. वामनराव उंच, खचलेले. धोतराचा सोगा हातात धरून जपून पावलं टाकणारे. जिजाबाई ठेंगणी, बोलकी.

"बसा, बसा," देवरावनं खुर्ची पुढं केली. खुर्ची ठेवायला जागा एकच होती, कूलरसमोर.

वामनराव बसले. भैय्याजी प्लॉट किती, नळ किती वाजता येतो, शाळा किती जवळ, असं मोजून दाखवत होता. पंचफुला पाणी घेऊन आली. जिजाबाईंनी पेला घेतला, तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि सगळं पाणी पिऊन पेला परत दिला. "अजून दे वं बाई. एस.टी.नं जीव सुकला."

तेवढ्यात भैय्याजी बोलता बोलता थांबला. वामनरावांची मान छातीवर आली होती. एक क्षण सगळेच घाबरले. जिजाबाई उठून जवळ गेल्या, वाकून पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून परत आल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही.

"झोपले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन महिने झाले. दुपारचे डोळे मिटत नाहीत यायचे. गावात नाही, लेकीच्या घरी नाही. अथी येऊन झोपले पाह्य."

पाऊण तास ते झोपले. पाऊण तास चौघं स्वयंपाकघरात उभं राहून हळू आवाजात बोलले, आणि त्या हळू आवाजातच घराचा सौदा झाला. जिजाबाईंनी घासाघीस केली नाही. फक्त वामनरावांना उठवायच्या आधी विचारलं, "कूलर घराचाच ना गा, भैय्याजी?"

भैय्याजीला कूलर कुणाचा हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती. "घराले जे लागलं ते घराचं, आई. बल्ब काढून नेणारे लोक नोहेत हे."

देवरावनं पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुलानं वामनरावांच्या झोपलेल्या मानेकडे पाहिलं. मग ती पेले विसळायला वळली.

दोन दिवसांनी इसारचिठ्ठी झाली. दस्तलेखकाकडे गर्दी म्हणून भैय्याजी म्हणाला, वहिनींचं अक्षर छापल्यासारखं आहे, त्याच लिहितील. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. चतुःसीमा, विहिरीवरचा हक्क नाही, नळाचा आहे, दहा जूनला खरेदी. शेवटी तो म्हणाला, "आणि घराला लागलेल्या सर्व चीजवस्तूंसह."

तिचा हात थांबला. "लागलेल्या लिहू का लावलेल्या?"

"एकच झालं नं, वहिनी."

एकच नव्हतं, हे तिला त्या क्षणीच कळलं होतं. लावलेलं काढून नेता येतं. लागलेलं घराचं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर चिंचेखालची ओसरी होती आणि न खोकता गेलेला अर्धा तास. तिनं 'लागलेल्या' लिहिलं, आणि वाचून न पाहता कागद पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी इसाराची रक्कम तशीच कोराडीला धोंडबाच्या हाती गेली.

"दहा तारखेले खरेदी," देवराव त्या रात्री जेवताना म्हणाला. "पंधराले ठेला येईन. तवा आपण अथी नसू."

"आन् ते असतील."

"त्यायले दुसरा घेता येते. शेतीवाले आहेत."

तिनं त्याच्या ताटात अजून भाकर वाढली. तिला माहीत होतं की हे वाक्य तो तिच्यापेक्षा स्वतःलाच सांगत होता.

मेच्या अखेरीला जिजाबाई एकट्याच आल्या. पिशवीत शेवटच्या बहराची संत्री होती आणि एक सुतळी, खाट मावते का हे मोजायला. त्यांनी सुतळी भिंतीला लावून पाहिली, गाठ मारली आणि कूलरच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. "आमचे बुवा अथीच झोपतील. बरं, हे पाणी कसं भराचं? दाखोव बाप्पा. म्या कधी केलं नाही."

पंचफुलानं दाखवलं. नळ सकाळी तासभर येतो तेव्हाच बादल्या भरून ठेवायच्या. पाणी टाकताना पंखा बंद. टाकीच्या तळाशी वाळ्याचा चुरा साचतो, तो चौथ्या दिवशी काढायचा, नाहीतर पंप अडकतो. ताट्या हंगामाच्या मध्यावर बदलायच्या. जिजाबाई प्रत्येक गोष्ट स्वतःशी पुटपुटून पाठ करत होत्या. एकदा त्यांनी वाकून मागचा पत्रा पाहिला.

"हा लाल आकडा कायचा वं?"

"नंबर आहे," पंचफुला म्हणाली.

"घराचा?"

ती बादली घेऊन नळाकडे गेली. नळाला पाणी नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते. तरी ती तिथं बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती रुपरावच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे टिनाचं एक शेड. आत रिकामे डबे एकमेकांवर रचलेले, मध्ये रुपराव नुसत्या बनियनवर बसून पंख्याचं पातं सरळ करत होता.

"एकेचाळीस नंबर विकत देता का, भाऊ?"

"रोखीनं देता का, वहिनी?"

रोख रक्कम कोराडीला गेली होती. तिनं नकारार्थी मान हलवली.

"मंग हप्त्यावर घ्या," रुपराव म्हणाला. "दीड वर्ष. लय लोक घेऊन राहिले. पण एक आहे. हप्ते फिटेपर्यंत कूलर माह्या नावावर, आन् ज्याच्या नावचा हप्ता त्याच्याच घरी राहीन. मांगच्या साली एकानं हप्त्यावर नेला, घर विकलं, कूलर घराबरोबर गेला, आन् तो गेला भिलाईले. मी नव्या मालकाच्या दारात जाऊन भांडून राहिलो. आता कागद करतो."

"घर विकाचं असन तर?"

"तर आधी हप्ते फेडा. मंग खुशाल विका."

पंचफुला उभ्या उभ्या ते मनात मांडत राहिली. घर विकायला कूलर आपला हवा. कूलर आपला व्हायला घरात राहायला हवं. रुपरावनं पातं उलटं धरून डोळा बारीक केला. त्याच्या दृष्टीनं यात कठीण असं काही नव्हतं.

खरेदीला आठ दिवस उरले होते. ती देवरावला न सांगता जिजाबाईंच्या शहरातल्या लेकीच्या घरी निरोप देऊन आली : एकदा येऊन जा, दुपारी या.

जिजाबाई आल्या. भीमाबाई खाटेवर पडून होत्या, कूलर चालू होता. पंचफुलानं जिजाबाईंना पाणी दिलं आणि समोर खाली बसली.

"तो कूलर आमचा नोहे," ती म्हणाली. "भाड्याचा आहे. पंधरा जूनले घेऊन जातील."

जिजाबाईंनी पेला खाली ठेवला. "चिठ्ठीत तर लिवलं म्हणे. आमच्या बुवानं वाचून दाखोलं मले. लागलेल्या वस्तू."

"हो."

"कोणं लिवलं ते?"

"म्या लिवलं."

खोलीत पंख्याचा आवाज होता म्हणून बरं होतं. जिजाबाई कूलरकडे बघत म्हणाल्या, "मंग हे घर कूलरबिगर कसं राह्यते? बंद कर बरं. पाहू दे मले."

पंचफुलानं बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला, ताट्यांतून झिरपणारं पाणी टाकीत ठिबकत राहिलं, मग तेही थांबलं. दोघी समोरासमोर बसल्या. आधी झळ वरून आली, मग भिंतीतून, मग खिडकीच्या फटींतून. जिजाबाईंच्या कपाळावरचं कुंकू ओलं झालं. त्यांनी पदरानं वारा घेतला, मग तो हातही खाली ठेवला. वीस मिनिटं झाली असतील.

"काहून बंद केला वं, पंचफुला?" भीमाबाईंचा बोबडा आवाज आला. "का चुकलं माह्यं?"

पंचफुला उठायच्या आत जिजाबाई उठल्या. त्यांनीच बटण दाबलं आणि खाटेच्या कडेला बसून म्हातारीच्या गळ्यावरचा घाम स्वतःच्या पदरानं पुसला.

"काही नाही चुकलं, माय. लाइन गेली होती."

मग त्या दारापर्यंत गेल्या. पंचफुला मागोमाग गेली.

"माह्या माणसाले नाही चालाचं हे," जिजाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर पंचफुलाला सोपं गेलं असतं. "तो विकतचा लावला असता तरी नाही चालाचं. कधी लाइन जाते, कधी पाणी जाते. त्या दिवशी आपल्याले झोप दिसली, भिंत दिसली नाही." चपला घालता घालता त्या थांबल्या. "इसार परत देजो. आत्ता नसन तर दिवाळीले दे. बुवाले मी सांगतो. पर तू दहा तारखेच्या आंधी सांगतलं, हे मी इसरनार नाही."

देवराव संध्याकाळी आला तेव्हा दगडावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. त्याला ओरडायला तेवढा श्वास नव्हता.

"धोंडबा थांबणार नाही," तो म्हणाला.

"नाही थांबणार."

"आपला इसार गेला तिथला. आन् यायचा देणं आहे."

"हो."

"तुले नाही सांगता आलं असतं का, नंतर? पंधराले सांगतलं असतं तर?"

"तुमचा दमा आहे," ती म्हणाली. "त्यायचं तर काळीज आहे."

तो भिंतीला हात टेकवून उठला. भिंत तापलेली होती, हात लगेच काढून घेतला.

धोंडबानं पंधरा दिवसांत घर दुसऱ्याला दिलं. वीजकेंद्राच्या कॉलनीत क्वार्टरसाठी देवरावनं अर्ज केला, तो पंचफुलानंच लिहिला. पण ज्यांचं शहरात स्वतःचं घर त्यांचा नंबर कुठल्या कुठं मागे, असं तिथला बाबू हसत म्हणाला. भैय्याजीनं येणं सोडलं. गल्लीत मात्र बातमी पोचली होती, आणि एक दोन जणांनी विचारलंही, "कूलरपायी सौदा मोडला म्हणते, खरं का?" पंचफुला म्हणे, "उन्हापायी मोडला."

चौदा जूनला आभाळ कोरं होतं. उद्या ठेला येणार होता. भीमाबाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या सकाळपासून कूलरकडे मोजल्यासारखं बघत होत्या. पंचफुलानं मशीनवरचं अर्धवट ब्लाउज झाकून ठेवलं.

"हप्त्यावर घेऊ," ती देवरावला म्हणाली.

"म्हंजे अजून दीड वर्ष अथीच?"

"कूलर नसला तर किती वर्षं?"

देवरावनं चपला शोधल्या, आणि सापडल्यावर त्या घातल्या नाहीत, तिच्यासमोर सरकवल्या. "तूच जाय. तुले कागद कळते."

रुपरावच्या शेडमध्ये त्या दिवशी गडबड होती. ठेल्यांना हवा भरली जात होती, कोणत्या गल्लीतून कोणता नंबर आणायचा याची ओरड चालली होती. त्यानं कागद काढला, तिच्यासमोर धरला. ह्या वेळी तिनं तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवून. एके ठिकाणी लिहिलं होतं : सदर कूलर खालील पत्त्यावर लागलेला राहील, हप्ते पूर्ण होईपर्यंत पत्ता बदलता येणार नाही. तिनं तेवढी ओळ परत वाचली. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पत्ता हाच राहीन ना, वहिनी?" रुपरावनं विचारलं. त्याचं लक्ष ठेल्यांकडे होतं.

"हाच राहीन," पंचफुला म्हणाली आणि सही केली.